मुकी फेरी

"चहा उतू जातोय, सगुणे," आत्याबाई म्हणाल्या. "चित्त कुठंय तुझं?"

माझं चित्त दाराशी होतं. चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि पुन्हा दाराला कान लावला. नाताळची पहाट होती. गाणारी फेरी वेशीतून आत आली होती. आधी पेटी ऐकू आली, मग झांजा, मग ढोलकी. मागच्या नाताळापर्यंत ती ढोलकी माझ्या नवऱ्याच्या, शांतवनच्या गळ्यात असायची.

"कोण वाजवतंय गं?" आत्याबाईंनी विचारलं. आत्याबाई म्हणजे माझी सासू. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, समोरचा माणूस सावलीसारखा दिसायचा. पण कान शाबूत होते आणि जीभ त्याहून शाबूत.

"कुणी का वाजवेना."

"पीठ मळल्यागत वाजवतोय मेला."

मला हसू आलं नाही. मी ताटात पितळी पेले मांडले, शेजारी करंज्या ठेवल्या. करंज्या थोड्याच होत्या. घरात माणूस गेलेलं, गोडधोड करायला हात धजत नव्हता. पण फेरीला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?

आमच्या खैरगावात नाताळच्या फेरीची एक रीत होती. फेरी दाराशी आली की घरच्यांनी लगेच दार उघडायचं नाही. कडी लावून आत उभं राहायचं. पहिलं कडवं बाहेर पुरं होऊ द्यायचं आणि मग दार उघडायचं. प्रभू दाराशी येतो, आधी त्याचा आवाज ऐकायचा आणि मग त्याला आत घ्यायचं, असा त्याचा अर्थ. लहान पोरंसुद्धा दार धरून, श्वास रोखून उभी राहायची.

मी तशीच उभी राहिले. फेरी आमच्या गल्लीत वळली. फेरी नेणाऱ्या, पेटी वाजवणाऱ्या लुकाभाऊजींचा आवाज सगळ्यांच्या वर होता. वर म्हणजे मोठा नव्हे. त्यांचा आवाज कधी मोठा नसायचा, पण बाकीचे त्याच्याभोवती यायचे.

*गोठ्यात उजेड आला गं बाई,*
*दाराशी उभा तो, झोपू नका कोणी...*

शेजारच्या घरापुढं गाणं संपलं. दार उघडल्याचा आवाज, हसणं, पेल्यांचा आवाज. मग पावलं आमच्याकडं निघाली. मी पेल्यांत चहा ओतला, पदर डोक्यावर घेतला आणि ताट एका हातावर घेतलं.

आणि झांजा थांबल्या. ढोलकी थांबली. पेटीचा भाता मिटल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

पावलं दारापुढं मंदावली. माझा हात कडीवर होता. पहिलं कडवं झाल्याशिवाय दार उघडायचं नाही, म्हणून मी कडवं सुरू व्हायची वाट पाहत होते. बाहेर कुणीतरी खाकरलं. मग पावलं पुढं गेली. चार घरं सोडून पुन्हा तेच गाणं सुरू झालं.

मी कडी काढली. बाहेर अंधार होता. गल्लीच्या टोकाला कंदील आणि माणसांच्या पाठी दिसत होत्या. माझ्या हातात पेल्यांचं ताट होतं, वाफा निघत होत्या. टोकाला कंदील जरासा थांबला, मग वळणाआड गेला.

"गेले?" आत्याबाईंनी आतून विचारलं.

"गेले."

"न गाता?"

आत्याबाई भिंत चाचपत उठल्या, दाराशी आल्या, बाहेरच्या थंडीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

"आत्याबाई, दुखवट्याच्या घरापुढनं अशीच जाते का फेरी?" मी माहेरची जालन्याकडची. इथलं सगळं मला ठाऊक नव्हतं.

"जाते," त्या म्हणाल्या. "मुकी फेरी म्हणतात तिला. पण ती सव्वा महिन्याच्या आतल्या घराला. आपल्या घराला सहा महिने होऊन गेले." त्या खाली बसल्या. "ही मुकी फेरी नव्हं पोरी. हे दाराला कुलूप घालणं झालं. बाहेरनं."

त्या असं का म्हणाल्या ते सांगायला हवं.

शांतवन उन्हाळ्याच्या अखेरीला गेला. संध्याकाळी मळ्यातल्या विहिरीवर इंजिन बघायला म्हणून गेला तो आला नाही. सकाळी विहिरीत सापडला. चपला काठावर काढून ठेवलेल्या होत्या, एकीशेजारी एक. त्या चपलांनी माझा घात केला. विहिरीत उतरणारा माणूस चपला काढतोच. पायऱ्या शेवाळलेल्या असतात. पण जीव द्यायला गेलेला माणूसही चपला काढतो, असं लोक म्हणाले. आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं, ते शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. नवरा-बायकोचं भांडण, दुसरं काय! पण ते चपलांना जोडलं गेलं.

तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीला पाळक नव्हते, बदली होऊन गेलेले. मंडळीचे पंच इस्राएल त्रिभुवन यांनी माती उरकली. प्रार्थना म्हटली, गीत म्हटलं नाही. जो पोरगा दर रविवारी दुसऱ्यांच्या गाण्याला ताल द्यायचा, त्याच्या मातीला एक ओळ मिळाली नाही. लुकाभाऊजी त्या दिवशी गावात नव्हते. ते गवंडी, कोपरगावला बांधकामावर गेले होते. तिसऱ्या दिवशी आले, आत्याबाईंच्या पायाशी बराच वेळ बसले, मग उठून गेले.

सहा महिने मी मनाला सांगत होते की माणसं वाईट नसतात, विसरतील. रविवारी चर्चमध्ये मागं बसत होते. नाताळची फेरी दारात येऊन गायली की समजायचं, आपण अजून यांच्यातले आहोत. तेवढ्यासाठी मी करंज्या तळल्या होत्या.

चहा मी चुलीच्या राखेत ओतला.

"मी दादाकडं जाते," मी म्हणाले. "दुपारच्या एस्टीनं. तुम्हीही चला."

"मी कुठं येऊ? माझी माणसं इथल्या मातीत हायत," आत्याबाई म्हणाल्या. "तू जा. तुझं वय हाय. जालन्यालाबी चर्च असंलच की."

"मला चर्चच नको आता."

मी गाठोडं बांधायला घेतलं. दोन लुगडी, एक पितळी तांब्या, शांतवनचा कोट.

उजाडलं. चर्चची पहिली घंटा झाली. गल्लीतून माणसं नवे कपडे घालून जाऊ लागली. कुणी आमच्या दाराकडं पाहत होतं, कुणी पाहत नव्हतं. त्या दिवशी नगरहून मोठे पाळकसाहेब उपदेशाला येणार होते, म्हणून गावात जास्तच गडबड.

दारात सावली पडली.

लुकाभाऊजी होते. पांढरा सदरा, काळा कोट, टोपी हातात. पेटी नव्हती, बरोबर कुणी नव्हतं. उंबऱ्याबाहेर उभे होते.

"वहिनी," ते म्हणाले.

मी गाठोड्याची गाठ मारत राहिले.

"कोण? लुका का?" आत्याबाईंनी विचारलं. "का रं, पेटीत उंदीर मेला व्हता का सकाळी? का आमच्या दारापुढंच तुझा घसा बसला?"

"घसा नाही बसला, काकू. मीच गप्प केलं सगळ्यांना."

"ऐकलंस का सगुणे? कबूल करतोय."

"वळणावरून मी मागं पाहिलं," लुकाभाऊजी मला म्हणाले. "दार उघडलेलं दिसलं. तुमच्या हातात ताट होतं."

"मग तेव्हाच का नाही आलात?"

"यायला पाहिजे होतं."

एवढंच बोलले. कारण सांगितलं नाही. मला त्याचा जास्त राग आला. माणूस सबब सांगतो तेव्हा निदान भांडता येतं.

"पंचांनी सांगितलं ना तुम्हाला?" मी म्हणाले. "खरं सांगा. इस्राएल पंच म्हणाले ना, की विहिरीत गेलेल्याच्या दारात गायचं नाही?"

लुकाभाऊजींनी टोपी दुसऱ्या हातात घेतली. "वहिनी, फेरी पंच नेत नाहीत. मी नेतो. कुठं गायचं, कोणतं गायचं, कुठं थांबायचं, ते माझ्या तोंडून निघतं. 'गप्प व्हा' हा शब्द माझा. चूक माझी आहे. मी तुम्हाला विचारलं नाही."

"आता विचारून काय करता? एस्टी दुपारची आहे."

त्यांनी गाठोड्याकडं पाहिलं. मग उंबऱ्याच्या बाहेर, पायरीवर, त्या धुतलेल्या कपड्यांनिशी खाली बसले.

"काय करताय?"

"बसलोय."

"उपासना आहे तुमची. साहेब यायचेत."

"हो."

दुसरी घंटा झाली. गल्ली रिकामी झाली. लुकाभाऊजी उठले नाहीत. हात गुडघ्यांवर ठेवून, पाठ आमच्याकडं करून बसून राहिले. मला कळेना की याला हाकलावं, की दार लावून घ्यावं. चर्चची तिसरी घंटा म्हणजे गाणं सुरू. लुकाभाऊजी पेटीवर नाहीत असा नाताळ आमच्या गावानं पाहिला नव्हता.

तिसऱ्या घंटेच्या आत इस्राएल पंच स्वतः आले. उंच माणूस, पल्लेदार मिशा, खांद्यावर उपरणं. पायरीपासून दहा पावलांवर थांबले, पुढं आले नाहीत.

"लुका, अरे साहेब येऊन बसलेत. सगळी मंडळी ताटकळलीय. चल."

"पंच, तुम्ही व्हा पुढं. गाणं सुरू करा."

"पेटी कोण वाजवणार?"

"पेटीशिवाय म्हणा. पेटी नव्हती तेव्हाही माणसं गातच होती की."

पंच एकदा माझ्याकडं बघत, एकदा भाऊजींकडं. "इथं कशाला बसलास तू? काय बोलणं चाललंय?"

"काही नाही. अजून आत बोलावलेलं नाही मला, म्हणून बसलोय."

"हे बघ, साहेबांपुढं शोभा होईल. असा वेळेला दगा देणार असशील तर पेटी दुसऱ्याच्या हातात द्यावी लागंल."

"द्या," भाऊजी म्हणाले. आवाजात राग नव्हता. "पंच, माझ्यामुळं एका घरात नाताळ झाला नाही. तिथून उठून मी तिकडं कशाला बसू? काय गाऊ? लोकांना 'आनंद करा' म्हणायचं माझ्या तोंडानं जमणार नाही. इथलं मिटलं तर येतो. नाही मिटलं तर येत नाही. तुम्ही चला, गाणं सुरू करा."

पंच अजून थोडे उभे राहिले, काहीतरी ऐकायची वाट पाहत असल्यासारखे. मग उपरणं सावरून झपाझपा गेले.

"मिशा पांढऱ्या झाल्या, पण चाल अजून कोंबड्याचीच," आत्याबाई म्हणाल्या.

तिसरी घंटा झाली. आणि चर्चमधून गाणं आलं.

देवा रे! कुणी धरलं होतं कुणास ठाऊक, पण इतकं वर धरलं होतं की पहिल्याच ओळीला बायकांचे आवाज तुटले. पुरुषांनी ओढून नेलं. दुसऱ्या ओळीला पुरुषही दमले. तिसऱ्या ओळीला कुणी खाली उतरलं, कुणी वरच राहिलं आणि दोन गाणी एकमेकांवर पडल्यासारखी झाली.

"इस्राएलच हाय," आत्याबाई कान टवकारून म्हणाल्या. "बोकड सोलतायत का गातायत?"

आणि मला हसू फुटलं. सहा महिन्यांनी. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. हसता हसता रडू कधी आलं कळलं नाही. आत्याबाईही हसत होत्या, खोकत होत्या.

लुकाभाऊजी हसत नव्हते. त्यांची पाठ ताठ झाली होती. गुडघ्यावरची बोटं हलत होती. ती गाण्याची पट्टी खाली आणायला बघत होती. इथून, पायरीवरून, हवेत. तिकडं पन्नास-साठ माणसं सुराविना धडपडत होती आणि त्यांना एकट्यांना ते सावरता आलं असतं. तरी ते उठत नव्हते. बाळ रडत असताना आईला बांधून ठेवावं तसा तो माणूस दिसत होता, आणि बांधलं होतं त्यांचं त्यांनीच.

"जा भाऊजी," मी म्हणाले. "बायकांचे गळे फाटतील."

"तुम्ही म्हणाल तर जातो," ते न वळता म्हणाले. "पण रागानं हाकलू नका. आत बोलवा, नाहीतर कायमचं जा म्हणा. अधे-मधे ठेवलं तर मला गाता यायचं नाही."

मी गाठोडं ओलांडून दाराशी आले.

"उठा," मी म्हणाले. "पायरीवरून उतरा."

ते उतरले. गल्लीत उभे राहिले. चेहरा उतरलेला होता. त्यांना वाटलं, हाकललं.

मी दार लावलं. आतून कडी घातली. आणि कडीवर हात ठेवून उभी राहिले.

बाहेर काही वेळ काहीच झालं नाही. मग त्यांना कळलं.

*गोठ्यात उजेड आला गं बाई...*

एकटा आवाज. पेटी नाही, झांजा नाहीत. त्यांनी गाणं खाली धरलं होतं, माझ्या गळ्याला झेपेल इतकं खाली. सावकाश गात होते. प्रत्येक ओळीनंतर ते थांबत. आधी वाटलं, श्वास घेतायत. मग ध्यानात आलं. जिथं शांतवनची ढोलकी उठायची, ती जागा ते मोकळी सोडत होते. तेवढा वेळ नुसती शांतता. मग पुढची ओळ. सहा महिने माझ्या नवऱ्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं. चपलांचं घेतलं होतं, विहिरीचं घेतलं होतं, त्याचं घेतलं नव्हतं. लुकाभाऊजींनी तेव्हाही तोंडानं घेतलं नाही. पण तो त्या मोकळ्या जागेत होता. आत्याबाईंनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

मातीच्या दिवशी जे राहिलं होतं, ते झालं.

कडवं संपलं. मी कडी काढली.

चहा राखेत गेला होता. करंजी होती, ती दिली. त्यांनी उभ्याउभ्या खाल्ली, हात कोटाला पुसले.

"काकू, चला," ते म्हणाले. "धरू का हात?"

"आरं, मला कशाला? माझे डोळे गेलेत."

"गळा आहे ना? तिकडं गळ्याचीच पंचाईत झालीय."

आम्ही तिघं गेलो. चर्चमध्ये पुढचं गाणंही कोसळायच्या बेतात होतं. भाऊजी पेटीवर बसले, कुणाला थांबवलं नाही, कुणाकडं पाहिलं नाही. चालू गाण्याखाली सूर धरला आणि हळूहळू सगळ्यांना उतरवत आणलं. बायकांच्या बाजूला फक्त इस्राएल पंचांच्या बायकोशेजारी, तारामावशींशेजारी, जागा होती. त्या सरकल्या. पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं. मला अक्षर येत नव्हतं, तरी त्यांनी ते मधे धरलं. मी त्यांच्या शेजारी बसून गायले.

दुपारची एस्टी मी धरली नाही. गाठोडं सोडलं.

पुढं भाऊजींनीच मला अक्षर शिकवलं. चाळिशी उलटली होती माझी. बायकांच्या प्रार्थनेत गाण्याच्या ओळी आधी मोठ्यानं सांगायचं काम माझ्याकडं आलं. मी पाठ म्हणायचे, पण भाऊजी म्हणाले, "पाठ केलेलं तुमच्याबरोबर जाईल वहिनी. वाचता आलं तर नवं आणता येईल." गवंडी माणूस, भिंतीवर चुन्यानं अक्षर काढायचे आणि मी कोळशानं गिरवायचे. वाचायला लागल्यावर मी मंडळीतल्या अंथरुणाला खिळलेल्यांना वाचून दाखवायला जायचे.

असंच इस्राएल पंचांकडं जाणं सुरू झालं. तारामावशी गेल्या होत्या. पंच पडून असायचे, मिशा झडल्यासारख्या झालेल्या. मी स्तोत्रं वाचायचे. एका दुपारी मधेच ते म्हणाले, "थांब."

मी बोट ओळीवर ठेवून थांबले.

"शांतवनच्या वर्षी नाताळला मुकी फेरी गेली तुझ्या दारावरनं. आठवतं?"

"आठवतं."

"लुकानं कधी काही सांगितलं तुला?"

"काय सांगायचं? ते म्हणाले, चूक माझी."

पंच आढ्याकडं बघत राहिले. "फेरी तुझ्या गल्लीनं न्यायचीच नाही, असं मी म्हणालो व्हतो. नदीकडनं वळवा म्हणालो. जीव दिलेल्याच्या दारात नाताळ कसला, म्हणालो. चार लोक माझ्या बाजूला व्हते. लुकानं पेटी काढून वेशीत जमिनीवर ठेवली. म्हणाला, मग ही घ्या, मी घरी चाललो. शांतवनच्या दारावरनं जाणार नसेल ती फेरी माझी नव्हं. लई ओढाताण झाली. शेवटी मी म्हणालो, जा तिथनं, पण गायचं नाही. तो म्हणाला, बरं. नाही गायचं तर मग जसं आपल्या माणसाच्या दारावरनं जातात तसं जायचं. मातीला त्याला मान मिळाला नाही, तो आता द्यायचा. आणि त्यानं सगळ्यांना टोप्या काढायला लावल्या."

"टोप्या?"

"सगळ्यांना. मलाबी. तुझ्या दारापुढनं मी उघड्या डोक्यानं गेलोय सगुणा, मान खाली घालून. तुला दिसलं नाही."

"दार लावलेलं होतं," मी म्हणाले.

"सकाळी मी त्याला बोलवायला आलो, तेव्हा वाटलं, यानं तुला सांगितलं. नाहीतर आता माझ्या तोंडावर सांगतोय. तो म्हणाला, तुम्ही चला, गाणं सुरू करा. एवढंच. तसाच जाऊन मी गाणं धरलं. भीतीनं धरलं, म्हणून तसं वर गेलं." त्यांनी डोळे पुसले. "आता वाच पुढं. नाहीतर जा. तुझी मर्जी."

मी वाचलं नाही. पुस्तक मिटलं आणि उठले.

तिथून तडक भाऊजींकडं गेले. ते अंगणात बाजेवर बसले होते. वय झालं होतं, बोटं वाकडी झाली होती, तरी रविवारी पेटीवर तेच असायचे.

"टोप्यांचं मला का सांगितलं नाहीत?" मी उभ्याउभ्या विचारलं.

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "इस्राएलनं सांगितलं?"

"तुम्ही माझ्या दारात शिव्या खाल्ल्यात. आत्याबाईंनी मरेपर्यंत तुम्हाला उंदरावरून टोमणे मारले. एक शब्द बोलला असतात तर..."

"तर काय झालं असतं?"

"मला कळलं असतं की तुम्ही आमच्या बाजूनं भांडलात."

"आणि इस्राएल काय बोलला तेही कळलं असतं. मग त्या दिवशी तुम्ही चर्चला आला असतात?"

"आले असते."

"आला असतात. पण तारामावशींशेजारी बसला नसतात." ते बाजेवर सरकले, मला जागा केली. "त्या मंडळीत तुम्हाला जन्म काढायचा होता वहिनी. त्यालाही काढायचा होता. दोघांचे आवाज मला एका गाण्यात आणायचे होते. कोण कुणाला काय बोललं ते मी पुढं ठेवलं असतं, तर कुणाचाच आवाज निघाला नसता. पेटीवर बसणाऱ्याला पुष्कळ ऐकू येतं. सगळं वाजवायचं नसतं."

मी बसले. माझे डोळे भरून आले होते, रागानं की कशानं, ते मलाही सांगता आलं नसतं.

"म्हणजे चूक तुमची नव्हतीच," मी म्हणाले. "तरी तुम्ही पायरीवर बसून 'माझी' म्हणालात."

"नाही, नाही. माझीच होती." ते एकदम ताठ झाले, जणू त्यांच्यावर खोटं बोलल्याचा आळ आला होता. "मी काय केलं? वेशीत भांडलो, त्यांना वाकवलं, टोप्या उतरवल्या. पंचाचं डोकं उघडं झालं म्हणून मनात खूश झालो. आपण मोठं काम केलं असं वाटलं. दाराआड एक बाई कडीवर हात ठेवून उभी आहे, तिला टोप्या दिसत नाहीत, तिला फक्त ऐकू येतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. जन्मभर लोकांना ऐकवायचं काम केलं आणि ज्या घराला ऐकवायची गरज होती तिथं मी मान दाखवत बसलो. ती चूक दुसऱ्या कुणाची सांगू?"

बाजेखाली कोंबडी आरवल्यासारखी ओरडली, भाऊजींनी तिला हुसकावलं.

"मी पंचांना तसंच सोडून आले," मी म्हणाले. "स्तोत्र अर्धं राहिलं. आता काय करू?"

"उद्या जाल का?"

मी विचार केला. सोपं नव्हतं. नवऱ्याच्या मातीला ओळ न देणारा माणूस तो. पण ते सगळं मला त्यानंच सांगितलं होतं. सांगायची त्याला गरज नव्हती; न सांगता मेला असता तरी मी त्याच्या मातीला गायलेच असते.

"जाईन," मी म्हणाले.

"मग जाताना एक करा." भाऊजी पुढं वाकले. "उजव्या अंगाला बसा. त्याला डाव्या कानानं आता ऐकू येत नाही. सांगत नाही तो कुणाला, पण गाताना मला कळतं."

दुसऱ्या दिवशी मी बाजेच्या उजव्या बाजूला बसले, आणि जिथं बोट ठेवलं होतं तिथून पुढं वाचलं.